वेल्डिंग मशीन घेण्याआधी भिंतीवरचा प्लग पाहा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

माझी सगळी नोकरी भोसरी एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शेडखाली झाली. आधी वेल्डर होतो, मग सुपरवायझर झालो. निवृत्तीनंतर धायरीत राहायला आलो, आणि इथे एक गोष्ट पाहतोय. वेल्डिंग आता कारखान्यापुरतं किंवा रस्त्याकडेच्या ग्रिलवाल्यापुरतं राहिलेलं नाही. रविवार मोकळा असलेली माणसं हौसेनं घरी मशीन आणू लागली आहेत. आयटीतली मुलं आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, गच्चीवर बाग फुलवणाऱ्या भगिनीही आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. लोखंडाला लोखंड जोडता येणं हे मोठं समाधान आहे आणि ज्याला ते हवंसं वाटतं त्याला ते मिळालं पाहिजे. पण पहिलं मशीन निवडताना लोकांना जी माहिती मिळते ती बहुतेक विकणाऱ्याच्या तोंडून मिळते. त्यासाठी हे पत्र. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीत आणि आसपास मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: "काका, हे ४०० ॲम्पियरवालं घेऊ का? पुढंमागं उपयोगी पडेल." समोर मोबाइल, त्यावर लाल-पिवळी जाहिरात. मी उलट विचारतो, "जोडणार काय आहेस?" मग कळतं, की कुंड्यांचा स्टँड करायचा आहे, फाटकाची निखळलेली बिजागरी बसवायची आहे, खिडकीला ग्रिल हवी आहे, किंवा गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या देखाव्याचा सांगाडा उभा करायचा आहे. म्हणजे २५ मिमीचा अँगल, पट्टी, १० मिमीचा चौरस बार आणि दीड-दोन मिमी जाडीचा चौकोनी पाइप. या सगळ्या कामाला ६० ते ११० ॲम्पियर पुरतात. चार माणसांच्या वरणासाठी लग्नाचं पातेलं घेऊन काय करणार?

दुसरा प्रश्न भिंतीचा, आणि माझ्या मते तोच खरा निर्णायक आहे. आपल्या घरात दोन प्रकारचे सॉकेट असतात: छोटा ६ ॲम्पियरचा आणि गिझर किंवा एसीसाठी मोठा १६ ॲम्पियरचा. वेल्डिंग मशीन छोट्या सॉकेटवर लावायचंच नाही, हे आधी ठरवून टाका. आता हिशेब पाहा. साधं इन्व्हर्टर मशीन (घरातलं बॅटरीचं इन्व्हर्टर नव्हे, इलेक्ट्रॉनिक कार्डवर चालणारं हलकं वेल्डिंग मशीन) ९० ॲम्पियरवर बारा नंबरचा, म्हणजे २.५ मिमी जाडीचा, वितळून जोड भरणारा रॉड जाळत असताना भिंतीतून साधारण १५-१६ ॲम्पियर ओढतं. म्हणजे घरातल्या मोठ्या सॉकेटची मर्यादा तिथेच गाठली. तेच मशीन २०० वर नेलं तर ३५ ते ४० ॲम्पियर मागतं. तेवढं द्यायला घरात काही नसतं. एमसीबी पडते, आणि पडली नाही तर ते जास्त वाईट, कारण मग भिंतीतली वायर तापते. म्हणून ४०० ॲम्पियरचा आकडा घरगुती जोडणीवर निव्वळ कागदावरचा आहे. १६० किंवा २०० ॲम्पियरचं मशीन घ्या आणि ते निम्म्या ताकदीवर वापरा. मशीन थंड राहतं, जास्त टिकतं आणि वायरिंगही शाबूत राहतं.

महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. तो किलोवॉटमध्ये असतो. एकदा वाचून घ्या, म्हणजे गिझर आणि एसी चालू असताना गच्चीवर आर्क, म्हणजे वेल्डिंगची झगझगीत ठिणगी, मारायला जाणार नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि बऱ्याच जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनेला मागे वायरच जोडलेली नसते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक्स्टेन्शन बोर्ड बाजारात रंगीत डब्यात मिळतो तो इथे चालत नाही. २.५ चौरस मिमीची तांब्याची तीन तारी केबल घ्या, आणि लांबी पंधरा मीटरच्या पुढे जाणार असेल तर ४ चौरस मिमीची. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून काम करू नका. गुंडाळी आतून तापते आणि वरच्या वेढ्याला हात लावून ते कळत नाही. पूर्ण उलगडा.

आता दुकानात गेल्यावर काय पाहायचं ते सांगतो. मशीनच्या मागे किंवा तळाशी एक पट्टी चिकटवलेली असते. अक्षर बारीक असतं, चष्मा लावून वाचा. तिथे 'एक्स' या अक्षरापुढे टक्के दिलेले असतात आणि त्याखाली ॲम्पियर. ६० टक्क्यांखाली १३० लिहिलं असेल तर अर्थ असा, की १३० ॲम्पियरवर दर दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क आणि चार मिनिटं विश्रांती. हा आकडा ४० अंश तापमानाला धरलेला असतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी गच्चीवर तेवढं ऊन असतंच. मशीनच्या नावात २५० असतं आणि पट्टीवर १०० टक्क्यांखाली जेमतेम १०० निघतात, असं पुष्कळदा होतं. तेव्हा नावावर जाऊ नका, पट्टी वाचा. त्याच पट्टीवर भिंतीतून किती ॲम्पियर ओढणार तेही दिलेलं असतं. ज्या मशीनवर ही पट्टीच नाही ते दुकानदार कितीही भरवसा देवो, ठेवून द्या.

प्रकारांबद्दल लोकांचा फार गोंधळ उडतो, कारण आता एकाच डब्यात तीन-तीन गोष्टी विकतात. साधी गोष्ट अशी. रॉडचं वेल्डिंग, ज्याला आपण आर्क वेल्डिंग म्हणतो, त्याला सिलिंडर लागत नाही आणि वाऱ्याचा त्रास फारसा होत नाही. थोडा गंज-रंग राहिला तरी ते निभावून नेतं. सीओटू, म्हणजे वायरचं वेल्डिंग, हाताला लवकर जमतं आणि पातळ पत्र्याला तेच बरं. पण गॅसचा सिलिंडर, रेग्युलेटर, वायरचं रीळ हा सगळा संसार आला, आणि धायरीसारख्या उघड्या गच्चीवर संध्याकाळचा वारा गॅस उडवून नेतो. मग टाक्यात, म्हणजे जोडाच्या रेषेत, बारीक भोकं पडतात. बिनगॅसची फ्लक्स भरलेली वायर असते तिला सिलिंडर लागत नाही; मात्र ठिणग्या पुष्कळ उडतात, धूरही जास्त होतो आणि मशीनच्या जोडण्या उलट्या कराव्या लागतात. ते न सांगताच मशीन विकतात. आर्गन वेल्डिंग (टिग), म्हणजे आर्गन गॅसच्या आडोशात टंगस्टनच्या सुईनं केलेलं, देखणं असतं, स्टेनलेसला त्याला तोड नाही, पण त्याचा खर्च आणि सराव दोन्ही वेगळ्या पातळीवरचे. साध्या डीसी आर्गन मशीननं ॲल्युमिनियम जोडता येत नाही. त्याला एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेचं, आर्गन लागतं आणि ते महाग असतं. कढई किंवा स्कूटरचा ॲल्युमिनियमचा भाग जोडायला म्हणून कोणी डीसी मशीन घेत असेल तर त्याला थांबवा.

माझं मत स्पष्ट आहे. घरी पहिलं मशीन रॉडचं इन्व्हर्टर घ्यावं. पाच ते दहा हजारांच्या घरात चांगलं मिळतं, वजन पाच-सहा किलोच्या आसपास, खांद्याला अडकवून गच्चीवर नेता येतं. सुरुवातीला हात कापतो, रॉड चिकटतो, टाका वाकडा जातो. पण रॉडवर ज्याचा हात बसला त्याला पुढे वायर दोन रविवारांत येते. उलटं तितकं सोपं नाही. अपवाद एकच: तुमचं सगळं काम जुन्या गाडीच्या पातळ पत्र्याचं असेल तर वायरचंच घ्या, कारण एक मिमीच्या पत्र्यावर नवशिक्याचा रॉड भोकं पाडण्याशिवाय काही करत नाही.

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जुनी ट्रान्सफॉर्मरची मशीनं दिसतात. तांब्याची वाइंडिंग असलेलं जुनं मशीन उत्तम असतं, त्यावर मी वर्षानुवर्षं काम केलं. पण ते दोन माणसांनी उचलायचं, दोन फेजवर किंवा तीन फेजवर चालायचं. फ्लॅटमध्ये त्याची जागा नाही.

मशीन बोहरी आळीतल्या किंवा तुमच्या भागातल्या दुकानातून घेता की घरबसल्या मागवता, हा तुमचा प्रश्न. मी एवढंच विचारतो: बिघडलं तर पुण्यात कोण दुरुस्त करणार? इन्व्हर्टरच्या आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, ते गल्लीतल्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे होत नाही. दुकानात असलात तर मशीन चालू करून दाखवायला सांगा, आणि रॉड धरायच्या होल्डरची केबल हातात घेऊन पाहा. बऱ्याचदा सोबत दोन-अडीच मीटरची कडक केबल देतात, तिनं काम करताना मनगट अवघडतं. मशीनवर व्हीआरडी लिहिलेलं असेल तर थोडे पैसे जास्त द्या. आर्क चालू नसताना होल्डरवर एरवी ६० ते ८० व्होल्ट असतात. व्हीआरडी ते खूप खाली आणतं. पावसाळ्यात ओल्या गच्चीवर, घामेजल्या अंगानं, ओल्या हातमोज्यात रॉड बदलताना हा फरक जिवाचा असतो. इथे एक महत्त्वाचं. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे म्हणून होल्डरचा शॉक लागणार नाही असं समजू नका. मशीनच्या आत आलेली आणि बाहेर जाणारी वीज ट्रान्सफॉर्मरनं वेगळी केलेली असते. होल्डरच्या बाजूचा शॉक घरातल्या आरसीसीबीला कळतच नाही. कोरडे हातमोजे, कोरडे बूट, पायाखाली लाकडी फळी. पाऊस चालू असताना उघड्यावर काम नाही म्हणजे नाही. घरात कोणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना मशीनजवळ फिरकू देऊ नका.

रॉड ६०१३ प्रकारचा, बारा नंबर, म्हणजे २.५ मिमीचा घ्या. ७० ते ९० ॲम्पियरवर तो छान चालतो. ७०१८ दिसला तर मोह टाळा. तो ताकदीच्या कामाचा आहे, त्याला ओव्हनमध्ये तीनशे-साडेतीनशे अंशांवर सुकवावं लागतं. पुण्याच्या पावसाळ्यात उघडा पुडा महिनाभरात सादळतो, मग आर्क तडतडते आणि टाक्यावर जमलेली पापडी सुटत नाही. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात रॉड ठेवा, आणि लागतील तेवढेच पुडे आणा.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी खरं तर मी लिहायला बसलो.

आमच्याच इमारतीतल्या एका कॉलेजच्या मुलानं मशीन मागवलं. दुकानदारानं त्याला गॅस कटिंगचा काळा गॉगल दिला आणि 'हा चालतो' म्हणाला. मुलगा गच्चीवर तुळशीसाठी स्टँड करत होता, आईनं पाइप धरून ठेवला होता. तिच्या डोळ्यांवर काहीच नव्हतं. तोंड बाजूला करून उभी होते म्हणाली. दुपारी दोघांनाही काही वाटलं नाही. रात्री दोनच्या सुमारास माझी बेल वाजली. दोघांचे डोळे लालभडक, पाणी थांबत नव्हतं, पापण्यांखाली वाळू भरल्यासारखं होत होतं. ताईंना उजेड सहन होईना म्हणून त्या ओढणी गुंडाळून जिन्यात बसल्या होत्या. कोणी बटाट्याच्या चकत्या ठेवा म्हणत होतं, कोणी दूध घाला. मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. दोन-तीन दिवसांत दोघं बरी झाली, पण त्या रात्री त्या माउलीला आपली दृष्टी गेली असंच वाटत होतं.

आर्कच्या उजेडात अतिनील किरण असतात, ते बुबुळाची वरची त्वचा भाजतात. दुखणं सहा ते बारा तासांनी सुरू होतं, म्हणून माणूस गाफील राहतो. गॅस कटिंगचा चष्मा साधारण पाच नंबर काळोखाचा असतो. आर्कला दहा-अकरा लागतो. आणि चेहरा, गळा उघडा राहिला तर तोही उन्हात करपावा तसा करपतो. आपोआप काळं होणारं हेल्मेट आता हजार ते अडीच हजारांत मिळतं. नवशिक्याला त्याच्यासारखी मदत नाही, कारण दोन्ही हात मोकळे राहतात आणि रॉड कुठे टेकवायचा ते दिसतं. त्याची काच उजळ असतानाही अतिनील किरण अडवते, हे चांगल्या हेल्मेटचं लक्षण. काम सुरू करण्याआधी हेल्मेट हातात घेऊन एकदा लाइटर पेटवून किंवा उन्हाकडे धरून काच काळी होते का बघून घ्या. आणि हेल्मेट एक नाही, दोन घ्या. पाइप धरणाऱ्याचं काय? शेजारच्या गॅलरीत खेळणाऱ्या मुलांचं काय? दोरीवर जाड सतरंजी टाकली तरी आडोसा होतो. सिंहगड रस्त्याला ग्रिलवाल्यांकडे पोरं साधे काळे चष्मे लावून काम करतात ते पाहून कोणी शिकू नका. त्यांच्या डोळ्यांचं पुढे काय होतं ते मी शेडमध्ये पाहिलं आहे.

कपडे सुती हवेत. टेरिकॉट किंवा नायलॉन ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं. काम संपल्यावर अर्धा तास जागा सोडू नका. गच्चीवरच्या वाळक्या पानांत, जुन्या पुठ्ठ्यात ठिणगी धुमसत राहते. जीआय पाइपवरचा जस्ताचा थर जोडाच्या जागी ग्राइंडरनं काढल्याशिवाय वेल्ड करू नका. जस्ताचा धूर नाकातोंडात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत निश्चितपणे धरला. तेव्हा बंद पार्किंगमध्ये किंवा खिडकी लावलेल्या खोलीत काम नको. आणि जुन्या ड्रमची शेगडी किंवा तंदूर करायची हौस अनेकांना असते. ज्यात कधी तेल, थिनर, पेट्रोल होतं तो बंद ड्रम किंवा टाकी रिकामी दिसली तरी रिकामी नसते, आत वाफ असते. तिला आर्क लावू नका. धुतलेली आहे म्हणून सांगितलं तरी लावू नका.

पैशाचा हिशेब मी लोकांना असा सांगतो: जेवढं मशीनला, जवळजवळ तेवढंच बाकीच्याला ठेवा. दोन हेल्मेट, चामड्याचे लांब हातमोजे, ॲप्रन, चिपिंग हॅमर, वायर ब्रश, ग्राइंडर आणि त्याचा वेगळा पारदर्शक गॉगल, दोन सी-क्लॅम्प, जाड केबल. दहा हजारच असतील तर मशीन साडेपाचचं घ्या.

माझी विक्रेत्यांना विनंती आहे, की जाहिरातीत मशीन भिंतीतून किती ॲम्पियर ओढतं ते मोठ्या अक्षरात मराठीत छापा, आणि योग्य नंबरच्या हेल्मेटशिवाय घरगुती गिऱ्हाइकाला मशीन देऊ नका. कटिंगचा गॉगल हातात देऊन 'चालतो' म्हणणं बंद झालं पाहिजे.

दुसरी विनंती शासनाला. औंधच्या शासकीय आयटीआयसारख्या संस्थांत बूथ आहेत, धूर ओढणारे पंखे आहेत, मशीनं आहेत. वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, तो नोकरीसाठी शिकणाऱ्या मुलांचा, आणि तो तसाच राहावा. पण रविवारी हे बूथ रिकामे असतात. हौसेनं शिकू पाहणाऱ्यांसाठी चार रविवारांचा वर्ग फी घेऊन सुरू करता येईल. पहिल्या रविवारी फक्त वीज, डोळे आणि आग, दुसऱ्या रविवारी आर्क मारणं आणि सरळ टाका, मग जोड. मशीन विकत घेण्याआधी माणूस तीन-चार प्रकार हाताळून पाहील आणि आपल्याला काय लागतं ते त्याचं त्यालाच कळेल. भोसरी, पिंपरी, चिंचवडला माझ्यासारखे निवृत्त वेल्डर पुष्कळ आहेत. असा वर्ग निघाला तर मी विनामूल्य शिकवायला येईन, आणि आणखी दोघा-तिघांना सोबत आणायची जबाबदारी माझी.

आपला,
एक निवृत्त वेल्डिंग सुपरवायझर,
धायरी, पुणे